अडतीस दिवस

अरे, तुझाच पासपोर्ट आहे तो, जहूर, बदलून नाही दिला कुणाचा — किती वेळ चाळणार? इथं सही कर, ‘पासपोर्ट मिळाला’ म्हणून, की आपण दोघं मोकळे. बस साडेदहाला सुटते, ड्रायव्हर आज नवा आहे, थांबायचा नाही. अकरा वर्षं या कपाटात होता, चावी माझ्याकडे, एका पानाला कधी डाग पडू दिला नाही — रजेवर जाताना मीच काढून द्यायचो, परत आलास की मीच ठेवायचो. आता व्हिसा कॅन्सल, हिशोब झाला, खलास. जुने शिक्के बघून काय मिळणार? बंद कर तो. चहा सांगू? नको? बरं, नको.

तू नि मी एकाच महिन्यात आलो, नाही का? कागदावर तू पॅकर, मी क्लार्क, नि खरं म्हणजे दोघांनाही आणलं ते शुक्रवारच्या मॅचसाठी. अर्बाबला, आपल्या मालकाला, क्रिकेटचा नाद — कंपनीची टीम जिंकली पाहिजे, मग खोकी कोण भरतंय याची फिकीर नाही. आणि तू काय टाकायचास रे! रत्नागिरीत टेनिस बॉलवर शिकलेला, इथं सिझन बॉल हातात आला तरी तसाच आत यायचा. मी तुझ्यानंतर यायचो. नेहमी तुझ्यानंतर. तू दोन-तीन काढून ठेवायचास, बॅट्समन घाबरलेले असायचे, त्यावर मला एखादी मिळायची, आणि अर्बाब म्हणायचा — मुस्तफा, तूपण चांगला आहेस हां. ‘पण’. त्या ‘पण’चं मला काही वाटायचं नाही. म्हणजे वाटायचं थोडं, कुणाला नाही वाटणार? पण आपण दोस्त होतो, एका खोलीत होतो, वरचा पलंग तुझा, खालचा माझा.

असं बघू नकोस. ओमानकडून मी खेळलो, त्यात चोरी काय केली? पात्रता फेरी होती, दोन मॅच मिळाल्या. पहिलीत दोन ओव्हर, एकोणतीस रन, मग कॅप्टननं मला असं सीमारेषेवर लांब उभं केलं की माझा मला मी दिसेना. दुसऱ्या मॅचला एकच ओव्हर. पहिलाच बॉल हातातून सुटला, सरळ फुलटॉस — तुझ्यासमोर खोटं कशाला बोलू — आणि त्या शहाण्यानं तो मिडविकेटच्या हातात मारला. विकेट! आंतरराष्ट्रीय विकेट! पुढच्या पाच बॉलांत चौदा गेले ते वेगळं. तीन ओव्हर, एक विकेट, एवढीच माझी कारकीर्द. परत आल्यावर वाट बघितली, फोन कधी आलाच नाही. पण तू इथं काय केलंस? पॅकिंगमधल्या सगळ्यांना हलवा वाटलास. मोबाइलवर बघत होतास म्हणे, विकेट पडली तेव्हा बाकड्यावर चढून ओरडलास. बूटही तुझेच होते माझ्या पायात — एक नंबर मोठे, पुढे मोजा कोंबून घातले. तो हलवा मला कुणीतरी नंतर सांगितला नि मी दोन दिवस जेवलो नाही नीट. पोट बिघडलं होतं. हो, पोटच.

आता ओठ कशाला हलवतोयस? मोजतोयस. जहूर, मी बघतोय, तू शिक्के मोजतोयस. मोज, मोज, पण ओमानकडून खेळायचा नियम साधा होता, सगळ्यांना सारखा — चार वर्षं इथं मुक्काम, आणि प्रत्येक वर्षी निदान एकशे त्र्याऐंशी दिवस देशात पाहिजेत. म्हणजे बाहेर एकशे ब्याऐंशीच्या वर नको. निवडीच्या त्या वर्षातले तुझे बाहेरचे दिवस मला तोंडपाठ आहेत. तोंडपाठ म्हणजे — माझं कामच ते, कपाट माझ्याकडे, नाही का? दोन वर्षांची साठलेली रजा, ती एकसष्ट दिवस. तुझ्या बहिणीच्या, हाफिजाच्या लग्नाला तेहतीस. मग तुझी आई, आमची सकिनाचाची, आजारी पडली, तेव्हा गेलास, तिच्या जाण्यापर्यंत पन्नास. किती झाले? एकशे चव्वेचाळीस. आणि त्या दिवशी मय्यतीहून तू मला फोन केलास. रडत नव्हतास, अगदी थंड आवाज. विचारलंस, मुस्तफा, माझे दिवस किती राहिले रे, चाळिसावा करून आलो तर चालेल का?

मी काय सांगायला हवं होतं? सांग ना. एकुलता एक मुलगा, आईची माती ओली आहे, त्याला सांगू की चाळिसावा टाक नि क्रिकेट खेळायला ये? कुठल्या तोंडानं? मी म्हटलं, कर सगळं नीट, दिवस आहेत. घरचा माणूस असंच म्हणेल. कुणीही म्हणेल. आणि तू परत आलास, यादीत नाव नाही, तेव्हा मी म्हटलं, क्रिकेट संघटनेनं मोजायची पद्धत बदलली, येण्याजाण्याचे दिवस आता धरत नाहीत. तू म्हणालास, जाऊ दे, अल्लाची मर्जी. त्यात अल्लाला कशाला —

पद्धत नव्हती बदलली. काही बदललं नव्हतं. अडतीस उरले होते. फोन कानाला होता नि समोर कागदावर मी लिहून ठेवलं होतं, अडतीस, खाली दोन रेघा मारून. आणि लोक चाळिसावा छत्तिसाव्याला करत नाहीत का? विमान असेल, रजा संपत असेल तर पस्तिसाव्यालासुद्धा उरकतात, निम्मं कोकण गल्फात आहे, आपल्या जमातीत दरसाल होतं, मौलवीसाहेब स्वतः तारीख काढून देतात. माझ्या बापाचा मी तिसाव्याला केला! तेवढं एक वाक्य होतं — जहूर, चार दिवस आधी कर. तोंडात आलं होतं माझ्या, दातांपर्यंत आलं होतं. आणि राखीव यादीत पहिलं नाव माझं होतं. आता कळलं? मला माहीत होतं. चूक झाली नाही, विसरलो नाही, मोजून गप्प बसलो. तीन ओव्हरसाठी. पुढच्या वर्षी त्यांनी वय विचारलं तुझं, आणि संपलं. तू खेळला असतास तर पाच वर्षं खेळला असतास, दुनियेनं बघितलं असतं. आज खोकी मोजत मोजत घरी चाललायस नि मी तुझ्या सहीला थांबलोय. बोल ना. शिवी दे. उचल ती खुर्ची नि घाल माझ्या डोक्यात, मी हूं का चूं करणार नाही.

काय दाखवतोयस? … शेवटचं पान. त्याच्यावर कुठे शिक्का असतो? पत्ता, बापाचं नाव … सकिना. चाचीचं नाव. म्हणजे तू — म्हणजे तू शिक्के बघतच नव्हतास? ओठ हलत होते ते … चाचीसाठी फातेहा पढत होतास तू. आणि मी मध्ये, अख्खा वेळ, माझं आपलं —

या अल्ला.

थांब. अर्धवट ऐकून नको जाऊस. म्हणजे सगळं ऐकलंस तू, पण — बस बाबा पाच मिनिटं, मी सांगतो ड्रायव्हरला. नाही? बरं. पिशवी दे, मी नेतो खाली. तीही नाही. सही राहू दे, मी लिहितो काहीतरी, कोण बघतंय. जा तू. यल्ला, जा, बस सुटेल. आणि असं हळू नको लावूस ते दार, जहूर. आपट की.