जायफळाची फोड

— नाही, तिथं नाही नेणार मी, अमोई, दुसरं काहीतरी सांग. अख्ख्या जॉर्ज टाउनात जेवायला काय तेवढी एकच जागा उरलीय? तू पुढं बघून बस, सारखी मान वळवू नकोस, अवघडेल — आमच्या रिक्षात गिऱ्हाईक पुढं, चालवणारा मागं, तोंड न बघता बोलायचं. बरं असतं ते. तुला भिंतीवरची चित्रं बघायचीत, जुन्या सामानाची दुकानं बघायचीत, दाखवतो की सगळं, पाय अजून धड आहेत माझे, सदुसष्ट काही वय नव्हे. पण जेवायला ‘टोपली’ नको. नाव तरी बघ — टोपली. तीन वाजता टेबल सांगून ठेवलंयस? कळव त्यांना, येत नाही म्हणून. अगं, अळणी असतं तिथलं. मिठाचा हातच नाही त्या माणसाला. क्वालालंपूरहून चार तास बसनं येऊन अळणी नूडल्स खायच्यात का तुला? कोपऱ्यावर मामाकडं नेतो, माशाची आंबट लाक्सा खा, डोळ्यांतून पाणी येईल, पण लक्षात राहील.

हे बघ डावीकडं. मांजर. पाइप खरा आहे, मांजर रंगवलेलं — काढ फोटो, मी थांबतो. पाठीमागं ऊन घेऊ नकोस, काळी दिसशील. शेपूट गेलीय बघ त्याची, पोपडे धरले. समुद्राची हवा ना, चुना धरत नाही इथं, चार-पाच वर्षांत सगळी चित्रं जातात. लोक हळहळतात. मी नाही हळहळत. एका चित्राची तर मी वाटच बघतोय — रोज पाऊस पडला की म्हणतो, आज तरी एखादी खपली निघेल. कुठल्या म्हणजे? कुठल्याच नाही. बस, चल.

तू फार विचारतेस. बरं, ऐक, नाहीतरी त्या हॉटेलात गेली असतीस तर भिंतीवर बघितलंच असतंस. दोन मजले उंच आहे ते चित्र. वर खिडकीत एक पोरगी, एकोणीस वर्षांची, दोरीनं टोपली खाली सोडतेय, अन् खाली गाड्यावर एक देखणा आचारी, हातात झारा, मान वर, हसतोय. लोक रांग लावून फोटो काढतात, नवी लग्नं झालेली पोरं तर खास येतात. तर ती वरची पोरगी माझी बायको. स्यू गेक. आणि खालचा तो आचारी मी नव्हे.

हसू नकोस. — नाही हसलीस? मान हलली तुझी. तो च्वी हॉक. माझा दोस्त. दोस्त म्हणजे, गाडा दोघांचा होता आमचा, वांतान नूडल्सचा, शेहेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तो देवळाच्या कोपऱ्यावर चूल पेटवून उभा राहायचा आणि मी बांबूचे दोन तुकडे एकावर एक वाजवत गल्ल्यागल्ल्यांतून फिरायचो — टोक टोक-टोक, टोक. आवाज ऐकून लोकांना कळायचं कुणाचा गाडा, हाका मारायची गरज नव्हती, प्रत्येकाचा ठेका वेगळा. माझा ठेका सगळ्यात चांगला होता, हे मी नाही म्हणत, लोक म्हणायचे. वरच्या मजल्यावरच्या बायका टोपली सोडायच्या, मी पळत जाऊन वाडगा भरून आणायचो, टोपलीत ठेवायचो, त्या ओढून घ्यायच्या. आता सांग, त्या पोरीनं टोपली सोडली ती कुणाच्या आवाजावर? आचाऱ्याच्या? आचारी दोन गल्ल्या पलीकडं धुरात उभा. आणि भिंतीवर मी कुठंय माहितीय? डाव्या कडेला, गटाराच्या पाइपामागून एक हात बाहेर आलाय, हातात दोन बांबू. हात. मनगटापासून पुढं. चव्वेचाळीस वर्षं संसार केला मी त्या बाईशी आणि भिंतीवर माझं मनगट.

चितारीण इपोहची होती, कोवळी पोर, तिचा काय दोष. ती घरोघर म्हाताऱ्यांना विचारत फिरली, जुनं काही सांगा म्हणून. माझ्या बायकोनं सांगितलं. घरात बसून, माझ्याच खुर्चीत त्या पोरीला बसवून, चहा देऊन सांगितलं. मला एका शब्दानं बोलली नाही. मला कधी कळलं? दोन जपानी बायकांना घेऊन त्या गल्लीत वळलो आणि समोर परांची बांधून ती पोर च्वी हॉकचे दात रंगवत होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. च्वी हॉक बेचाळीस वर्षं जहाजावर आचारी होता, लग्न नाही, पोर नाही, दोन वर्षांपूर्वी परत आला, आणि हॉटेल काढायला त्याला अख्ख्या गावात जागा कुठली मिळाली — स्यू गेकच्या माहेरचीच, त्याच खिडकीखालची. आयत्या बिळावर नागोबा. वर तिला म्हणाला, दुपारी तीन ते पाच वर येऊन बस, गिऱ्हाइकांना टोपली सोडून दाखव. आणि ही गेली. रोज जाते. पावडर लावून जाते.

नऊ महिने झाले, मी तिच्याशी बोललेलो नाही. एका टेबलावर जेवतो. ती वाढते, मी खातो, भांडं उचलतो. त्या गल्लीत रिक्षा घालत नाही, लांबून वळसा मारतो, गिऱ्हाइकं कुरकुरतात. कुरकुरू देत.

थांब, हे दुकान बघ, जुनं सामान आहे, चिनी मातीचे चमचे, चार कप्प्यांचे डबे, बंद पडलेली घड्याळं. आमच्या आया जे फेकून देत होत्या ते सगळं इथं काचेत ठेवलंय. जा, बघून ये. मी आत येत नाही, सावलीत बसतो. घाई नाही.

— आलीस? काय घेतलंस? दाखव. कागद काढ की, दाखव.

हे कुठं मिळालं तुला. म्हणजे — कुठं ते कळतंय, आत मिळालं, पण दुकानात इतकं सामान पडलंय, तुला नेमकं हेच — वाद्य? बाई वाद्य म्हणाली? हं. वाद्यच. ह्या लांब तुकड्यावर बोटाची खूण दिसतेय? खळगा? अंगठ्यानं पडलाय. माझ्या अंगठ्यानं. लाव बघ माझा अंगठा. बसला ना. जानेवारीत रागारागानं आणून दिलं होतं मीच. तेव्हापासून रोज ह्या दुकानावरून जातो, काचेतून बघतो, आहे म्हणून पुढं जातो. कुणी घेईल असं वाटलं नव्हतं. कोण घेणार बांबूचे दोन तुकडे. नको, नको, परत नको देऊस, तू घेतलंस, तुझं झालं. मांडीवर ठेव. चल, बस.

काय? … तुला कसं सुचलं हे विचारायचं? — की तिनं चितारणीला खोटं का सांगितलं असेल. बाईमाणूस उगीच खोटं सांगत नाही, असं म्हणतेस. पुढं बघ, अमोई. पुढं बघून बस, मग सांगतो.

रिकामा वाडगा परत द्यायचा नाही, असं तिच्या आईचं शिकवणं होतं. बालिक पुलाउहून जायफळं यायची त्यांच्याकडं, बी काढून घेतलं की वरचा गर साखरेत मुरवायच्या मायलेकी. पहिल्या दिवशी टोपली खाली आली, धुतलेला वाडगा, आणि वाडग्यात जायफळाची एक फोड. मी वर बघितलं. ती म्हणाली, शिजवतो त्याला दे. एवढंच. त्याला दे. मी चालायला लागलो, देवळाच्या मागं आलो, आणि खाल्ली. का म्हणजे काय? एकवीस वर्षांचा होतो. सकाळपासून चालत होतो. आधी वाटलं, एक खाल्ली तर काय होतं, उद्याची देऊ. उद्या परत आली, परत खाल्ली. दोन वर्षं, अमोई. रोज एक फोड. च्वी हॉकनं तिला देवळात बघितलं होतं, मनात भरली होती त्याच्या, मला भाबडेपणानं विचारायचा — वरची पोरगी काही बोलते का रे नूडल्सबद्दल? आणि मी सांगायचो, बोलते ना, खारट होतं म्हणाली.

खारट नव्हतं. ती कधी म्हणाली नाही तसं. मी आपला — तोंडात जायफळ असताना सांगायचो. तो बिचारा दुसऱ्या दिवशी मीठ कमी करायचा. परत विचारायचा, मी परत सांगायचो, अजून खारटच. एक दिवस त्यानं मीठ घातलंच नाही. तेव्हापासून त्याचा हात जो आखडला तो आखडलाच, जहाजावर बेचाळीस वर्षं काढून आला तरी — तुला मघाशी म्हणालो ना, अळणी आहे म्हणून. ते मी केलंय. तिकडं तिला वाटलं, ह्या माणसाला माझी कदर नाही, दोन वर्षांत एक निरोप नाही. त्याला वाटलं, हिला माझ्या हातचं रुचत नाही. तो गेला जहाजावर. मी होतो इथं. रोज होतो. एके दिवशी टोपलीजवळ उभा राहून विचारलं, ती हो म्हणाली. आता नागोबा कोण ते तू ठरव.

पण म्हणून तिनं असं करावं? भिंतीवर? गावासमोर? चव्वेचाळीस वर्षं मी तिला उपाशी ठेवलं नाही, हात उचलला नाही, तिच्या आईला शेवटची तीन वर्षं मी उचलून न्हाऊ घातलंय. मनात तो होता तर मला सांगायचं. एकदा सांगायचं. मी ऐकून घेतलं असतं. — नसतं घेतलं, ठीक आहे. पण चितारणीला सांगायच्या आधी मला सांगायचं.

थांब. हे कुठं आलो आपण? बोलता बोलता — हे बघ, ह्या पायांना अक्कल नाही. मी मामाकडं वळवली होती रिक्षा. हाच तो कोपरा, आणि ते… बघू नकोस वर. बघितलंस ना. खपलीसुद्धा निघाली नाही अजून. पलीकडं ती निळी खिडकी, उघडी आहे ती. तीन वाजून गेले की. उतर, तुझं टेबल आहे, जा. मी इथूनच फिरतो.

अगं, नको वाजवूस. नको — असं नसतं ते, असं कुणी दार ठोठावतंय वाटतं, आण इकडं. नुसतं ऐकून घे कसं असतं ते. एकदाच. टोक टोक-टोक, टोक. हातातलं जात नाही बघ. टोक टोक-टोक, टोक.

… आली टोपली. बघ, येतेय. दोरी नायलॉनची केलीय आता, पूर्वी काथ्याची होती. तूच पुढं हो, गिऱ्हाइकांसाठी आहे ते, मी नाही वर बघणार. काय आहे त्यात? वाडगा आहे ना? दोन? दोन फोडी कशा, तू तर एकटीच आहेस. बघ नीट. दोनच?

ऐकलंस ती काय बोलली? तुला कळलं ते? आमच्या बोलीत बोलली ती, पेनांगची बोली आहे. म्हणाली, गिऱ्हाइकाला दे. — नाही, पुढं अजून बोलली. गिऱ्हाइकाला दे, वाटेत खाऊ नकोस.

वाटेत खाऊ नकोस.

म्हणजे ठाऊक होतं हिला. कधीपासून? आज कळलं असेल? कोण सांगणार तिला, मी कुणाला कधी बोललो नाही, आज तुला बोललो तेवढंच. म्हणजे तेव्हापासून. फोड खाली सोडताना ठाऊक, टोपलीजवळ उभा राहून विचारलं तेव्हा ठाऊक, लग्नात ठाऊक. आणि मी चव्वेचाळीस वर्षं घरात जायफळ येऊ दिलं नाही, अमोई, बाजारात दिसलं तरी दुसऱ्या बाजूनं जायचो, म्हणायचो मला वासानं मळमळतं. झोपेत काही बोलून जाईन म्हणून वेगळ्या खोलीत झोपलो. ती रोज विचारायची, का रे वेगळा झोपतोस? ठाऊक असून विचारायची. मग मी लपवत होतो ते कुणापासून?

खिडकी लावून घेतली तिनं. दुसरी फोड कुणाची ते सांगितलं नाही.

तू तुझी घे. एकच घे. दुसरी राहू दे वाडग्यात, हात नको लावूस. मी पण नाही लावणार. — नाही, मी काय करतो ते तू बघत थांबायचं नाहीस, आणि ते बांबू इथंच ठेव सीटवर. जा आत. मीठ मागून घे. उतर म्हटलं ना, अमोई.