सेवा मंडळाची खाट

भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा दर वेळी किंचित मागे जाऊन मग पुढे सरकत होता. सेवा मंडळाच्या साप्ताहिक सभेत रक्तगटांवर बोलायला आलेल्या प्रयोगशाळेतल्या बाई बाहेर बाकावर थांबल्या होत्या. दार अर्धवट उघडं होतं.

“अध्यक्षबाई, आधी चहा की आधी इतिवृत्त?”

“आधी खाट! डोक्याकडून उचलता येणारी मंडळाची एकुलती एक खाट मास्तरांकडे आहे, आणि तिकडे गवंड्याची बायको पाठीचं ऑपरेशन होऊन जमिनीवर झोपतेय.”

“अहो, मास्तरांच्या तोंडावर काय…”

“मग पाठीमागे बोलू? मास्तर, वहिनींना जाऊन पाच महिने झाले.”

“ते मला तुम्ही सांगायचं?”

“दर आठवड्याला म्हणता, पुढच्या सभेत सांगतो.”

“ती कुशीवर वळली की खाट करकरायची. आता मी वळलो की करकरते.”

“तुम्ही झोपता तिच्यावर?”

“मग कोण झोपणार?”

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

“गवंडी कितव्या मजल्यावर राहतो?” मास्तरांनी विचारलं.

“तळमजल्यावर.”

“दार अरुंद असेल तर खाटेचे पाय सोडवावे लागतील. ते मला जमतं, मी बरोबर येईन. उद्या सकाळी टेम्पो पाठवा.”