घाम निवल्याबिगर पाणी नाय

आमचा पाडा पेठच्या वरल्या अंगाला, डोंगराच्या कडंला, दहा-बारा घरं आन बाकी सगळा उतार. भात, नागली, थोडी खुरासणी, दुसरं काय पिकणार तिथं. मी सोमनाथ, पाच भावंडांत मधला. माझ्या बापाला बैलाचा लय नाद. दोनच बैल, पण आमच्यापेक्षा त्यांना जास्त जपायचा, हे खोटं नाय सांगत. नांगर सुटला की बैल ओहोळाकडं ओढ घ्यायचे, आन बाप दोन्ही हातांनी कासरा धरून उभा ऱ्हायचा. घाम निवू दे म्हणायचा, तापल्या अंगात पाणी गेलं की जनावर आतून बिघडतं. आन तोवर तो सवता बी पाण्याला शिवायचा नाय. मुकं जनावर तहानलेलं आन आपण प्यायचं, हे त्याला पटायचं नाय. तसा माणूस होता.

मंग मी पोट भरायला खाली उतरलो. चार-पाच वर्षं दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागांत, मंग अंबडला कंपनीत पत्रा कापायच्या मशीनवर हेल्पर लागलो, ते आजतागायत. तिथंच एक खोली. बायको, दोन पोरी. थोरली रोशनी.

आता रोशनीचं काय सांगू तुम्हाला. शाळेच्या खेळात अनवाणी पळाली आन बूटवाल्या पोरींना मागं टाकून आली. मैदानावर पोरांना पळायला शिकवणारे एक सर आहेत, त्यांनी मला बोलवलं, म्हणले ही पोरगी लांबचं पळंल, रोज आणा. मला त्या दिवशी जेवण गेलं नाय, असा आनंद झाला. तवापासून सकाळी ती पळायची आन मी सायकलवर तिच्या बाजूनं. अंबडवरनं पाथर्डी फाटा, तिथनं देवळाली कॅम्प, मिल्ट्रीच्या भिंतीला हात लावायचा आन माघारी. पाण्याची बाटली माझ्या हँडलला. पण नेम बापाचाच. पळून झालं की आधी घाम निवू दे, मंग पाणी. आन ती प्यायल्याबिगर मी बी पित नसायचो. मला वाटायचं, हेच बापाचं करणं.

सरांनी एक पावडरचा डबा दिला होता. नीट सांगितलं होतं त्यांनी, पळून आल्यावर अर्ध्या तासात पाण्यात घालून द्या, लांब पळून अंग रितं होतं, ते लगेच भरावं लागतं. मी हो सर, हो सर केलं. घरी येऊन डबा देवाच्या फळीवर ठेवला. ताकदीची वस्तू म्हणजे निजताना, गरम दुधातून, एवढंच आमाला ठाऊक. बाळंतिणीला तसंच देतात, आजाऱ्याला तसंच देतात. तसंच रोशनीला देत गेलो. सर विचारायचे, घेती का? मी म्हणायचो, घेती ना सर, एक दिवस चुकत नाय. ते खोटं नव्हतं, आन खरं बी नव्हतं.

पोरगी वाळत चालली. पायात गोळे यायचे, जिना चढताना कठड्याला धरायची. तिची आई म्हणायची, अवो, हिच्याकडं बघा जरा. मी म्हणायचो, पळणाऱ्याचे पाय दुखणारच, आन तेल चोळायचो. एवढं तेल चोळलं मी, पण तिला एकदा विचारलं नाय की बाई, तुला काय होतंय.

दिवाळीच्या आधीचं ऊन तुम्हाला ठाऊकच हाय. निवड चाचणी आठवड्यावर आली होती. त्यात लागली असती तर खेळाच्या होस्टेलात राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथंच, पुढं खेळातनं पोलिसात नंबर लागला असता. त्या रविवारी मीच म्हणलो, कॅम्पापर्यंत दोन खेपा मार. मीच म्हणलो. दुसऱ्या खेपेला माघारी येताना पाथर्डी फाट्याला ती थांबली. तोंड लाल, व्हटावर मीठ आलेलं. म्हणली, बाबा, थोडं पाणी द्या. बाटली माझ्या हातात होती. मी म्हणलो, निवू दे.

ती लिंबाखाली जराशी बसली, मंग पाण्याबिगरच उठून घराकडं पळाली. हुज्जत घातली नाय. तिनं हुज्जत घातली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

घरी आली तर लघवी काळ्या चहासारखी. मंग उलट्या, मंग डोळे फिरवले. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणले, अंगातलं मांस फुटून त्याची घाण किडनीत गेलीय, पाणी नव्हतं म्हणून अडकली. मंग त्यांनी तिलाच विचारलं, एवढं पळालीस आन पाणी नाय प्यायलीस? कोणी सांगितलं तुला असं? हाताला सलाईन, डोळे नीट उघडत नव्हते, तरी ती म्हणली, कुणी नाय, मलाच तहान नव्हती.

मी खाटंजवळ उभा. बाटली माझ्या हातातच होती, भरलेली, तशीच आणलेली घरनं. आन मी तोंड उघडलं नाय. डॉक्टर माझ्याकडं बघून गेले.

देवाची कृपा, आन त्या डॉक्टरांची, किडनी ठिकाणावर आली. चाचणी हुकली. दवाखान्यात आहार सांगणाऱ्या एक म्याडम होत्या, त्यांनी विचारलं, घरात काय असतं? तिची आई लाजत म्हणली, नागली. तर म्याडम म्हणल्या, मंग चांगलंच की. पळताना घोट घोट पाणी, आन पळून आली की लगेच नागलीची पातळ आंबील, ताक-मीठ घालून, संगं गुळाचा खडा न् मूठभर शेंगदाणे. डबा बी वाईट नाय, पण येळ चुकवू नका. अंग मागतं तवाच द्यायचं. मला बैल दिसले हो, ओहोळाकडं मान ताणलेले. ते बी मागतच होते.

असे लय दिवस गेले. मंग एकदा ती चुलीपाशी आंबील ढवळत होती, मी इचारलं, रोशनी, डॉक्टरला खोटं का बोललीस? माझं नाव का नाय घेतलं? तिनं हात थांबवला नाय. म्हणली,

बाबा, तुमी तरी कुठं प्यायला होता? दोन खेपा सायकल हाणली, बाटली तुमच्याच हातात होती. तुमचं नाव कसं घेऊ?

मी उठून भाईर गेलो. रडलो, सांगायला काय लाज.

आता डॉक्टरांनी सोडलंय तिला, सहा महिन्यांनी परत पळती, बेतानं. निवड होईल, नाय होईल, ते तिच्या पायांचं ती बघंल. मी मैदानावर आंबिलीची किटली घेऊन बसतो, पेठ-सुरगाण्याकडची आणखी पोरं येतात, ती बी पितात. पण रोशनीचं एक राहिलंच. फेरी मारून येती, गिलास हातात घेती आन तशीच उभी ऱ्हाती, माझ्या तोंडाकडं बघत. एवढ्या दिवसांची सवय, ती काय अशी जाते? म्हणून मी आधी पितो, तिच्या देखत, घोटभर. पहिल्यांदा घोट गळ्याखाली उतरंना, बाप आठवला. आता उतरतो. मी प्यायलो की मंग ती पिती.

माझा बाप वाईट नव्हता, मी बी नाय. तुमच्या घरची पोरं धडधाकट राहोत, खूप पळोत. तुमी बी उन्हातनं चालत आलाय, हा घ्या गिलास. निवायची वाट बघू नका.