सेठजी दुसऱ्याच रस्त्यानं आले

हॅलो? … हॅलो… हो, घाटंजीच आहे… हो भाऊ, उद्योग समितीच्या अध्यक्षाइचंच घर. मी त्याइची घरवाली, कौसल्या… कुठून, यवतमाळवरून? … मंग ते अध्यक्षच असतीन. माह्या तोंडून नाव कायले वदवता, द्या नं जोडून.

हॅलो… हो, मीच… येते आवाज. तुमी हळू बोला, मले चांगलं आयकू येते… हो… हो… अवो, आयका नं माहं…

नका उभे राहू स्टँडवर. सेठजी यवतमाळले येनार नाहीत.

… कोन म्हनजे? ज्याइच्यासाठी तुमी पाच जन सकाळीच ब्यांड घेऊन गेले, तेच. अकोल्याचे झुंबरलाल सेठ. सरकीच्या तेलाची मिल काढनारे.

… कारन ते घाटंजीत आहेत. आपल्या घरी. ओसरीत बाजेवर निजले आहेत.

… नाही, बिमार-गिमार काही नाही. जेवून निजले. वैशाखाचं ऊन आहे, जेवल्यावर मानूस निजनारच.

… सकाळी नवाले आले. … मंग फोन कुठी करू? स्टँडवर काय आपल्यासाठी फोन ठेवला आहे? तुमी आता कुठून बोलून राह्यले? … बबनरावाच्या साळ्याच्या अडतीतून. अन् बाकीचे? … सगळे तिथंच. बरं. त्या ब्यांडवाल्याइले सांगा थांबा म्हनून, कायले वाजवून राह्यले… हां. आता बरं आयकू येते.

सांगतो, सांगतो. पयलेपासून सांगतो, मधात बोलू नका.

ते तुमच्या रस्त्यानं आलेच नाहीत. काल पांढरकवड्याले गेलते. तिथंही जागा पाह्यली… हो, तिथल्या लोकाइनं पन बलावलं होतं. घाटंजीच एकली हुशार आहे का? … तिकडं मुक्काम केला, सकाळी जीप घेऊन निंगाले अन् आपल्या नाक्यावर, वाहिदच्या दुकानापुढं गाडी तापली. पान्याचा रबरी पाइप फाटला. वाहिदनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, गुंडाळला, तारीनं आवळला… हो, चालते गाडी. आमी फिरून आलो नं तिच्यात…

… म्हनलं नं, मधात बोलू नका.

वाहिद काम करून राह्यला अन् सेठजी त्याले इचारून राह्यले, "इंजन का काम जाननेवाले कितने हैं यहां?" वाहिद म्हने, "मैं हूं, मेरा भाई मन्सूर है. आसपास के सब गांवों के ऑइल इंजन हमारेच हाथ से खुलते." सेठजीनं खिशातून एक कागद काढला अन् त्याच्यावर लिहून घेतलं. कागद कोनता, माहीत आहे? तुमचंच छापील पत्रक. 'घाटंजीत कारखाना काढा'… हो, हेडमास्तरानं लिहिलेलं. बारमाही पानी, मुबलक मजूर, जकात माफीसाठी समितीची खटपट, विजेचे खांब जवळच… सगळं पाठ आहे त्याइले. तुमच्याहून जास्त.

मंग वाहिद त्याइले घरी घेऊन आला. मी अंगनात कुरडया घालून राह्यलीती, हात कोपरालोक चिकानं भरलेले. … साडी? तीच, जुनी. … मले कोनी सांगतलं होतं का, सेठजी कुरडयाच्या वख्ताले येनार आहेत म्हनून? कैरीचं पन्हं देल्लं. दोन गिलास पेले. कांदा-लसून खात नाहीत म्हने… मंग काय, वरन, भात, तूप, भाकर, लोनचं. पोटभर जेवले. त्याइच्यासाठी घेतलेली हलवायाची बुंदी तुमीच खाऊन घ्या आता, इथवर येतलोक आंबन.

… हो… हो… 'मी आल्याबिगर जागा दाखवू नोको'… आयकलं…

पाह्यली जागा.

… हो, नाल्याकाठची. … खुर्ची आहे का तिथं? बसा बरं पयले. बसले? … हां.

… मी नाही नेलं. जेवनाच्या आधी तेच म्हनले, धूप बढने से पहले देख लेते. एकल्या बाईनं परक्या मानसाच्या जीपीत कसं बसावं? म्हनून तुळसाबाईले संग घेतलं… अवो, आपल्या वावरात पऱ्हाट्या उपटाले येते ती तुळसाबाई. गाडी चालवाले वाहिद. अख्खा बजार पाहून राह्यला. तुमच्या आत्यानं तं ओट्यावरून हाका मारल्या, कुठी चालली म्हनून. … नाही सांगतलं मी. रात्रीलोक गावच सांगन तिले.

सेठजीले जागा आवडली. सपाट आहे, समितीनं वर्गणी करून घेतलेली आहे, कोनाचा तंटा नाही. तुमी चुन्याच्या रेघाही आखल्या होत्या. "बहुत बढिया" म्हनले. मंग त्याइनं वर पाह्यलं. नाल्यावर ती जुनी बाभूळ आहे नं… तिच्या खांदीले, मानसाच्या डोक्याच्याही वर, सुकलं गवत अन् तुराट्या लटकलेल्या. तुमी खालचं सगळं झाडून काढलं, वरचं राह्यलं. … कोन काढनार होतं? फुलसिंग? मंग त्याले बोला, मले नका बोलू.

सेठजीनं इचारलं, "ये घास पेड पर कैसे चढी?"

वाहिद गाडीचा काच पुसाले लागला. तुळसाबाई माह्याकडे पाहे, मी तिच्याकडे.

… हो. मीच सांगतलं. म्हनलं, सेठजी, पोळ्याच्या आधी नाल्याले पूर येते, तवा पानी इथवर चढते. … मंग काय सांगू? बैल बाभळीवर चढून चरतात म्हनू? … अवो, खोटं बोलाले मी तोंड उघडलंच होतं. पन ते गवत समोर लटकून राह्यलं होतं.

त्याइनं पत्रक काढलं. "इसमें तो लिखा है बारमाही पानी." मी म्हनलं, आहे जी, बारा महिन्याचंच आहे, फक्त दोन महिन्यात येऊन जाते.

… हसले ते. चांगले हसले. पन हसत हसत जीपीकडेच चालले.

… हो, निंगालेच होते. पांढरकवड्याले वापस.

… कोन? … एक्सचेंजवाले भाऊ? तीन मिनटं झाली? वाढवा भाऊ. … आमचे मालक कापा म्हनतात? तुमी त्याइचं आयकू नका, वाढवा. … अन् भाऊ, तुमी आमचं बोलनं आयकून राह्यले का? … मंग 'पुढं काय झालं' काहून इचारता?

हॅलो… हो, आहे मी. तुमी असे घाबरू नका, अजून सांगाचंच आहे.

तुळसाबाई माह्या कानात म्हने, "बाई, गेला कारखाना." बस, एवढंच बोलली. … तुमाले काय वाटन माहीत नाही, मले कसंसंच झालं. दरसाली दिवाळी झाली का ह्या बाया हिंगनघाटकडे कापसाच्या जिनात कामाले जातात, त्या होळीले येतात. वीस-बावीस बाया. लेकरं इथं बुढ्या मानसाजवळ. मागच्या साली तिची सून तिकडंच बाळंत झाली. कापसाच्या ढिगामागं, बायाइनं लुगडे आडवे धरून. … तुमाले नाही माहीत. मले माहीत आहे, बाळाचे आंगडे मीच शिवून देल्ले. दोन सालापासून तुमी चौकात भाषन करता, महाराष्ट्र झाला, घाटंजीत कारखान्याचा भोंगा कवा वाजन म्हनून. तुळसाबाई खाली बसून आयकते. तिले खरं वाटते ते.

म्हनून मी सेठजीले हाक मारली.

म्हनलं, थांबा जी. नाल्याची जागा सोडा. वरती सडकेले लागून टेकडावरचं वावर आहे, ते पाहा. पूर चढत नाही, विजेचे खांब बांधावरूनच गेले, अन् विहिरीले आजही पानी आहे.

… हॅलो? … हॅलो… लाइन आहे का? … हो, तेच. आपलं टेकडावरचं. चार एकर.

… हॅलो…

… आयकून राह्यली, बोला… हो… हो, माहीत आहे, तुमाले तिथं संत्र्याचा बगीचा लावाचा आहे… हो, तुमच्या मेहनतीचं आहे, वाडवडलाचं नाही. हे पन खरं… म्हनून तं दोन सालात समितीत त्या वावराचं नावही काढलं नाही तुमी. मी कधी काही म्हनलं का? … पन एक सांगा. कागदावर नाव कोनाचं आहे?

… मोठ्यानं बोला.

… हां. माहं. जमिनीचा कायदा येनार म्हनून तुमीच केलं. मी तवा म्हनत होती, माहं नाव कायले? तुमी म्हनले, फक्त नावालेच तं आहे. … मी तेच म्हनून राह्यली. नावाले का होईना, आहे नं?

अवो, फुकट नाही देल्लं. अदलाबदल केली. टेकडावरचं वावर मिलीले, अन् नाल्याकाठची समितीची जागा आपल्याले. गाळाची काळी जमीन आहे. कारखान्याले वाईट, पन पूर वसरला का हरभरा अन् गहू पाहा कसा येते… नाही, संत्रा नाही लागनार तिथं. संत्र्याचं मले वाईट वाटते, खरंच. … समितीची मंजुरी लागते, मले समजते तेवढं. तेही कागदावर लिहिलं आहे.

… पुढं काय, सेठजी टेकडावर गेले. पायीच. विहिरीत वाकून पाह्यलं, गोटा टाकला अन् कान देऊन उभे राह्यले. बांधावरचे खांब मोजले. मंग तिथल्याच एका झाडाच्या सावलीत बसून मले म्हनले, "बहनजी, और मजदूर?" मी म्हनलं, ह्या तुळसाबाईलेच इचारा.

तुळसाबाई म्हने, "वीस कायले, चाळीस बाया आनतो. पन पयले सांगा, पानी कसं देनार?" सेठजीले समजलंच नाही. म्हनले, पानी तो है कुएं में. ती म्हने, "आहे म्हनूनच इचारून राह्यली. आमी बौद्ध झालो त्याले आठ वर्सं झाली. तरी जिनात आमाले वरून ओततात, आमी ओंजळ धरून पेतो. इथं एकच टाकी, एकच तोटी, अन् तोटीले सगळ्याइचा हात. नाहीतं मी एक बाई आननार नाही."

… हो, अशीच बोलली, तोंडावर. तुमी असते तं 'पाहू, पाहू' म्हनले असते. सेठजीनं एकडाव तिच्याकडे पाह्यलं, एकडाव विहिरीकडे. मले वाटलं, आता पुन्हा उठून जातात. मंग त्याइनं पत्रकाच्या पाठीवर लिहिलं, एक टाकी, एक तोटी. तुळसाबाईनं मले वाचाले लावलं. दोनदा वाचून घेतलं. मंग पदराले तोंड पुसलं अन् म्हने, आता जेवाले न्या सेठजीले, भुकेले असतीन.

… अजून काय लिहिलं? जमिनीची अदलाबदल, इंजनावर वाहिद अन् मन्सूर, दसऱ्याच्या आत पाया. खाली त्याइची सही.

… माही? … हो, माहीही आहे. … अंगठा कायले, सही केली. प्रौढ वर्गात शिकली नं. 'कौ' चांगला आला, 'ल्या' जरासा वाकडा गेला. सेठजी म्हनले चालते.

… हॅलो? … रागावले का?

… हे कोन टाळ्या वाजवून राह्यलं?

… बबनराव? … अन् भगवानराव पन? … म्हनजे मी जे बोलली ते तुमी तिथं मोठ्यानं परत म्हनत होते? … अवो, आयकू येत नाही म्हनून मानूस परत म्हनते, ते बरोबर आहे. पन त्याइले काय वाटलं? … तुमी देल्लं? गावासाठी तुमी आपलं वावर सोडलं म्हनून?

… नाही, नाही, काही सांगू नका. तसंच समजू द्या. … ठराव? आत्ताच, अडतीत बसून? … मंग करून टाका नं. पाचही जन आहेत. … हो, ठरावात तुमचंच नाव घाला. मले काय करायचं आहे ठरावात.

… झालं मंजूर? एकमतानं? … तुमचाही हात वर होता? … मंग एकमत म्हनता येते.

… बबनराव काय म्हनून राह्यले, डोळे काहून पुसता म्हनून? … घाम. बरं, घाम. ऊन आहेच.

थांबा, सेठजी उठले… जी, सेठजी? … हां, उन्हीं का फोन है. समिती ने मंजूर कर दिया… जी, अभी, सबके सामने… जी, चाय रखती हूं…

हॅलो… चहा मांगून राह्यले. खूश आहेत, तुमी या लवकर. ब्यांडही घेऊन या, त्याइचं काय पाप… हो… हो…

… काय म्हनले? पुन्हा म्हना बरं. … 'मी तिथं असतो तं मीही हेच केलं असतं.'

… हो. मलेही वाटत होतं तसं. … वाटत होतं, खात्री नव्हती. म्हनून तं तुमी यायच्या आधीच मी सही केली.

ठेवतो आता.