चारी बाजूंनी पन्हळ

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावच्या हार्डवेअरच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे नवं घर बांधणारं एक तरुण जोडपं उभं होतं.

"लिनिया, पन्हळ फक्त पुढच्या छपराला लावू. आठशे डॉलर वाचतील."

"आणि मागचं पाणी तळघरात शिरलं तर?"

"शिरू दे. तळघरात आहेच काय?"

"तुझा फ्रीजर, ड्वेन. हरणाच्या मटणाने भरलेला."

"अरे देवा! चारी बाजूंनी लावू!"

"मग ओसरी पुढच्या वर्षी."

"अगं, पण तुला ओसरीत बसून पाऊस बघायचा होता ना?"

"पायरीवर छत्री घेऊन बसू."

"एका छत्रीत दोघं?"

मला राहवलं नाही.

"मावाल हो," मी म्हटलं. "आम्ही मुलांसकट पाच जण मावायचो."