‘कट’ कोणी म्हणायचं?

समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे निर्माते श्री. हॉवर्ड लिंडक्विस्ट, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण बरबँकच्या या स्टुडिओत जमलो आहोत त्या आमच्या विनी डिलेनी, आणि दिव्यांपासून जेवणापर्यंत सगळं सांभाळणाऱ्या माझ्या सोबत्यांनो,

मी एडिथ, विनींची सहायक. उभी राहिले खरी, पण भाषणाची सवय नाही. माझी शाळा मॉन्टानात, आमच्या स्वयंपाकघरात भरायची. बाई म्हणजे आईच. एवढ्या माणसांसमोर बोलायचा धडा तिच्याकडे नव्हता.

विनी नटी म्हणून आल्या, तेव्हा वाट्याला यायची एखादी नर्स, नाहीतर शेजारीण. एकच वाक्य, तेही कुणीतरी मध्येच तोडायचं. पुढे टोलीडोतल्या मावशीच्या लॉन्ड्रीत त्यांनी आपला पहिला चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. तेव्हापासून त्यांच्या सेटवर लहानातल्या लहान नटाचंही वाक्य पुरं होऊ लागलं. त्या स्वतः कॅमेऱ्यासमोर असल्या, की ‘कट’ म्हणायचं काम माझं. एका शब्दाचं काम, त्यात काय अवघड? मला विचारा!

गेल्या वर्षी विनींना शब्द सापडेनासे झाले. त्यांनीच आम्हाला तसं सांगितलं. म्हणून तर हा निरोप. शेवटच्या चित्रपटात एक दृश्य होतं: रुसून गेलेली मुलगी घरी येते आणि आई, म्हणजे विनी, तिची माफी मागते. विनी दोनदा अडल्या. हॉवर्ड माझ्या कानात म्हणाले, “आता अडल्या तर लगेच कट म्हण. दृश्यच काढून टाकू.” अध्यक्षमहाराज, रागावू नका, म्हणाला होतात!

विनी पुन्हा अडल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गप्प. मग विनींनी टेबलावरचा कप उचलला, मुलीकडे पाहिलं आणि कुणीच न लिहिलेलं बोलल्या, “गार झाली गं तुझी कॉफी. दुसरी करू?”

मुलीचं काम करणारी नटी रडली. हॉवर्डही. मान हलवू नका, मी पाहिलंय.

नंतर विनींनी मला गाठलं. “काय गं, डुलकी लागली होती? कट का नाही म्हणालीस?”

“आईनं शिकवलंय, मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये.”

“अगं, पण मी बोलत कुठे होते?”

“बोलणार होतात.”

त्यांनी माझ्या कोटाचं सुटलेलं बटण तेवढं लावून दिलं.

ते दृश्य चित्रपटात आहे. विनी, यापुढे शब्द उशिरा आले तर येऊ देत. आम्हाला घाई नाही.

सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. घाबरल्यामुळे काही उणंअधिक बोलून गेले असेन, तर पदरात घ्या. आणि विनी, आज माझ्या भाषणाला ‘कट’ तुम्ही म्हणायचं. सावकाश म्हणा. मी उभी आहे.