उष्टी हळद

हॅलो?… हॅलो, कोन? शालू?… हो, हो, मीच बोलून राह्यली. थांब, काई आयकू नाई येत, मांडवात बायायचा कल्ला आहे… थांब वं, न्हाणीमागं येतो… हां. बोल आता. भेटला का साबण?

शालू ही कोकिळेची पाठची बहीण, वर्ध्याला नालवाडीत राहणारी. सख्ख्या भाचीच्या हळदीला वडनेरच्या मांडवात मिरवायचं सोडून ती सकाळपासून वर्ध्यातली औषधांची दुकानं पालथी घालत होती, तीही एका साबणाच्या वडीसाठी. लग्नघरात आईला दागिन्यांचा घोर असतो, जेवणावळीचा असतो. कोकिळेला साबणाचा घोर लागला होता, आणि तो चारचौघींत बोलून दाखवायचीही सोय नव्हती.

अवं तो नाई… हिरवा नोको. तो तं हिंगणघाटच्या बाजारातही भेटते. खोक्यावर कडूनिंबाचं पान काढलं म्हणून काय झालं? तोच लावला होता ना दिवाळीत, मानेची सालटं निघाली पोरीच्या… हो, 'नैसर्गिक' लिवलंच होतं. लिवाले काय जाते त्यायचं!… आता कोनता आहे हातात?… वास येते का त्याले?… उघडू नाई देत? मंग वरूनच हुंगून पाय ना… गुलाबाचा? ठेव. ठेव तो परत. डॉक्टरीण बाईनं काय सांगतलं होतं? वास नोको, रंग नोको, फेस कमी पायजे… हो, तो पांढरा. तोच… महाग आहे, मले माहीत नाई का? मागच्या टायमाले एक वडी आनली तं दोऱ्यानं चार तुकडे करून पुरवली. तसाच पन स्वस्तातला एखांदा आहे का, इचार ना त्याले… नीट इचार, हसन तं हसू दे.

नयनला इसब लहानपणापासूनचा. कोपराच्या लवणीत, गुडघ्यामागे, मानेवर. थंडी पडली की कातडी कोरडी पडून भेगाळायची आणि पोरगी झोपेत रक्त येईस्तोवर खाजवायची. कडूनिंबाचा पाला उकळून झाला, मुलतानी माती लावून झाली, कोरफड चोळून झाली. झाडामातीचं ते सगळं पोरीच्या अंगाला मानवतंच असं नाही, हे कोकिळेला एकेक करून कळलं, आणि दर वेळी त्याची किंमत नयनच्या कातडीने मोजली. एवढं करून पोरगी आईलाच म्हणायची, तू रडू नको. अशा पोरीचं लग्न उद्यावर आलं होतं.

नाई, पाणी कोमटच ठेवलं… हो, कढत नाई. इकडची तयारी झाली. मसुराचं पीठ वस्त्रगाळ केलं, खोबऱ्याचं तेल टाकलं, रंगापुरती चिमूटभर घरची हळद. आधी मनगटाले लावून पायली तिच्या, काई नाई झालं… येगळी ठेवली ना. पितळेची वाटी. पुलगाववाले हळद घेऊन आले का मीच पुढं होतो, त्यायच्या हातातून घेतो, देवापुढं ठेवतो, न् पोरीले माह्या वाटीतली लावतो. कोनाले काय समजते? पिवळं ते पिवळं… त्यायची? नाई वं बाई, ते अंगाले लागलीच नाई पायजे. दुकानची हळद, त्यात चंदन म्हणतात, अत्तर म्हणतात, काय काय टाकतात!

उष्टी हळद म्हणजे नवरदेवाच्या अंगाला लावून उरलेली, इथे पुलगावहून यायची ती. ती आली नाही तोवर नवरी पाटावर बसून राहते. मांडवातल्या बाया तिचीच वाट पाहत होत्या, आणि कोकिळा एकटीच ती वाटेत कुठे अडकावी अशी देवाला विनवणी करत होती.

सांगून टाकू?… आता तूही सुरू झाली का!… तेच म्हणते नयन. परवा तं फोन लावला होता तिनं ऋतिकले. हातातून घेतला मी फोन… असन ना, जवाई चांगलाच आहे, मी कुठं नाई म्हणते? पन इहिनबाई? पयल्याच भेटीत सुलोचनाबाईनं इचारलं, पोरगी भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्याचं काऊन घालते? मी म्हनलं, लाजाळू आहे… हो, खोटं बोलली. मंग काय करत होती? पयली सोयरीक कायच्यानं मोडली, इसरली का तू? एकाच बाईनं मान पायली न् गावभर केलं. अवं इसब म्हनलं का लोकायच्या मनात भलताच रोग येते. तू वर्ध्यात राहून तुले हे सांगा लागते का?… लगीन झालं का सांगू. एकडाव मंगळसूत्र पडू दे गळ्यात… हो, त्याच गळ्यात. काय बोलून राह्यली मी, मले समजते शालू.

घरापुढे गाडीचा हॉर्न वाजला. मांडवात एकदम गलका उठला.

आले वाटते… नाई, नाई, ठेवू नोको, चालू राहू दे. पैसे दिले का साबणाचे? देऊन टाक न् पयलीच येस्टी पकड. आंघोळीपर्यंत आली पायजे तू… हात पिठाचे आहेत वं माहे, पदराले पुसतो… येतो म्हनलं ना!

शेवटचं कोणाला म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नाही. न्हाणीला वळसा घालून, पाण्याच्या कोठीशी ठेचकाळत कोकिळा मांडवाच्या मागच्या कनातीपाशी पोचली आणि तिथेच थबकली. तिची नणंद सीताबाई पाटापाशी बसली होती. कोणत्याही कार्यात पुढे व्हायला सीताबाईला सांगावं लागत नसे.

शालू… शालू, सीताबाईनं घेतली हळद… त्यायच्या हातातून. मी तुह्याशीच बोलत राह्यली ना मांगं… माही वाटीही तिच्यापाशीच आहे. थांब… काय करून राह्यली ते… अवं माय! मिसळली. दोनी मिसळल्या… पितळेच्या वाटीतच ओतली. नवरदेवाची हळद नवरीच्या हळदीत मिसळाच लागते, म्हणून राह्यली… हो ना. माह्या लग्नातही मिसळलीच होती की. चार दिवसांपासून वाट्या करून राह्यली मी, न् हे कसं नाई आठवलं वं मले?

मांडवातल्या बाया गाणं म्हणत उठल्या. पहिलं बोट नयनच्या पायाला लागलं, मग हाताला.

थांबवू? काय म्हणून थांबवू? पुलगावच्या पाच बाया बसल्या आहेत समोर… नयनचे बाबा बाहेर आहेत, त्यायले काय समजते यातलं… बाह्या वर करून राह्यल्या तिच्या. लवणीत लावलं, शालू… नाई, बोलत नाई ते. गुमान बसली आहे… इकडं पाहून राह्यली. मलेच पाहून राह्यली.

कनातीच्या फटीतून मायलेकींची नजरानजर झाली. नयनने भुवया जराशा वर केल्या. एवढंच विचारलं तिने, की सांगू का? ओठही विलग झाले होते. आईचा होकार मिळाला असता तर ती पाच बायांसमोर, पाहुण्यांसमोर, नीट शब्दांत सांगून मोकळी झाली असती. ती तशीच पोरगी होती. कोकिळेने मान हलवली. नाही. नयनने ओठ मिटले आणि सीताबाईसमोर मान वर केली, हळद लावायला सोपी जावी म्हणून.

हॅलो… हो, आहे मी… काई नाई झालं. तिनं इचारलं मले, डोळ्यानंच. मी नाई म्हनलं… हो शालू. मीच… नोको बोलू मले. बोल, बोल, तुहा हक्क आहे… मान लाल झाली. लालबुंद. डोळ्यात पाणी आलं तिच्या, न् बाया समजून राह्यल्या का पोरगी माहेर सुटते म्हणून रडते… हात नाई लावत ते मानेले. मांडीखाली दाबून ठेवले दोनी हात.

मांडवात एकच आरडाओरडा झाला, टाळ्या पडल्या.

काय म्हणतात? तूच आयक.

कोकिळेने फोन कनातीच्या फटीशी धरला. जरा वेळ धरला आणि पुन्हा कानाला लावला.

आयकलं?… हो. रंग चढला म्हणतात पोरीवर. सुलोचनाबाईची बहीण म्हणते, असा रंग चढलेली नवरी नाई पायली आमी… रडू नोको शालू. दुकानात लोकं पाहतात… मी? मी नाई रडत. मले रडाले कुठं टाइम आहे… हो, साबण आन. दोन आन. पैशाचं पाहू मंग… आली, सीताबाई, आली!… बोलावून राह्यल्या मले. मायचा हात लागल्याबिगर उठवत नाई म्हणते पोरीले. वाटीत अजून उरली आहे ना… ठेवतो.